दसऱ्यानंतर घरी कोण राहणार? ऊसतोडीच्या गावातलं एक प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका घराबरोबर आम्ही सप्टेंबर २०२२ पासून काम करतो आहोत. गावाचं, माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात दोन बहिणी. आईवडील त्यांना हाक मारतात तशीच मीही इथे मारते : थोरली आणि धाकटी.

आमची संस्था छोटी आहे. परित्यक्ता आणि विधवा मुलींना काम मिळवून द्यायचं, त्यांना बचत गटात आणायचं, योजनांची कागदपत्रं उभी करायची, एवढाच पसारा. थोरलीचं नाव आमच्या यादीत 'लाभार्थी' म्हणून आलं. धाकटीचं नाव यादीत कुठेच नव्हतं. पुढे जे काही झालं ते पुष्कळसं या एका गोष्टीमुळे झालं.

पार्श्वभूमी

गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. जमीन मुरमाड. खरिपात कापूस, सोयाबीन, थोडी तूर. विहिरीला पाणी असलं तर रब्बी, नाहीतर राम राम. आखाडापासून मुकादम (तोडणीला मजूर पुरवणारे ठेकेदार) घरोघर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटत फिरतात आणि दिवाळी आटोपली की ट्रॅक्टर-ट्रकमध्ये पत्रे, भांडी, शेळ्या, लेकरं भरून निम्मं गाव सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या दिशेने निघतं. परततं ते पाडव्याच्या आगेमागे.

या धंद्यात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, तोडणीचा हिशेब जोडीचा होतो, एक जण आजारी पडला तर खाडाही जोडीवर लागतो. कागदावर सही किंवा अंगठा मात्र नवऱ्याचा. बाईच्या हातात हंगामभर पडतं ते वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेलं चिल्लर, आणि तेही तेला-मिठात जातं.

जोडी नसेल तर उचल नाही. एकट्या मुलाला 'अर्धा कोयता' म्हणून फार तर निम्मं मिळतं. त्यामुळे पोराचं लग्न आणि उचल या दोन गोष्टी एकाच बोलण्यात येतात. मुलीच्या घरी भीती वेगळी असते : आईबाप पाच महिने उसात, मग वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ होता. या आकड्याकडे बघून लोक 'मागासलेले विचार' म्हणतात. मला त्यात राखणदारीचा प्रश्न जास्त दिसतो, पण तो पुढे.

थोरलीचं लग्न २०१८ मध्ये झालं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. चार हंगाम ती नवऱ्याबरोबर उसात गेली. २०२० च्या जानेवारीत मुलगी झाली, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात. २०२२ च्या फेब्रुवारीत, ऐन हंगामात, नवरा टोळी सोडून पुण्याकडे निघून गेला. तिथे त्याचं दुसरं घर होतं हे तिला नंतर कळलं. एकटी बाई कोयता कसा चालवणार? सासऱ्याने तिला लेकरासह माहेरी आणून सोडलं. "आता तुमचं तुम्ही बघा," एवढं बोलून तो चहासुद्धा न घेता गेला.

माहेरी आईवडीलही ऊसतोडीचेच. आईची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढलेली. २०१९ मध्ये या विषयावर राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली होती. थोरलीची आई त्या काळाच्या कितीतरी आधीची. आता तिला मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढवत नाही. तरी जाते. धाकटी तेव्हा चौदा वर्षांची, आठवीत.

अडचण

आमच्या अर्जात 'अडचण' या रकान्यात मी लिहिलं होतं : उत्पन्नाचं साधन नाही, कौशल्य नाही. तिथे मी तिला नीट विचारलं नव्हतं.

खरी गुंतागुंत तीन पदरांची होती. पहिला पदर न फिटलेल्या उचलीचा, म्हणजे बाकीचा. नवऱ्याने मुकादमाकडून १,१०,००० रुपये उचल घेतली होती. फेब्रुवारीपर्यंत ५२,००० फिटले आणि ५८,००० अंगावर राहिले. मुकादमाने ते थोरलीच्या बापाकडे मागायला सुरुवात केली, वर शेकडा तीन व्याज. बाप त्याच मुकादमाच्या टोळीत. दुसरा पदर कागदाचा. तिचं नाव सासरच्या रेशन कार्डावर, आधारवर सासरचा पत्ता, मुलीचा जन्मदाखला तीनशे किलोमीटरवर. तिसरा पदर दसऱ्यानंतरचा : घरी कोण राहणार?

तिसरा पदर आम्हाला दिसलाच नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बापाने सुचवला : थोरलीने चुलतभावाबरोबर कोयता धरायचा. पैसे लगेच मिळणार होते, बाकीही फिटली असती. ती नको म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत), परक्या पुरुषांच्या वस्तीत, नवऱ्याने टाकलेली तरुण बाई म्हणून राहणं काय असतं हे या भागात कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

दुसरा आमचा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन महिन्यांचा निवासी शिवणवर्ग, शेवटी शिलाई मशीन मोफत. देणगीदारांनी त्या वर्षी वीस मशीनचे पैसे दिले होते आणि मार्चच्या आत वीस मुलींची नावं द्यायची होती. आमच्या अहवालात मशीनचा रकाना होता. शेळीचा नव्हता, राखणीचा तर नव्हताच.

तिसरा, नवऱ्यावर पोटगीचा दावा. बायकांना मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणात आमची ओळखही होती. "मपल्याला त्याच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई," म्हणाली. हा विषय आम्ही तिथेच सोडला. आजही मला वाटतं की निदान अर्ज दाखल करून ठेवायला हवा होता, पण इच्छा तिची होती.

चौथा पर्याय गावातच पडून होता आणि तो आमच्यापैकी कुणाला सुचला नाही.

पहिला निर्णय : वर्ग रद्द

शिवणवर्ग नोव्हेंबरात सुरू होणार होता. फॉर्म भरायला मी गेले तेव्हा थोरलीने सही केली, लेकराचं कसं करायचं ते विचारलं (लहान मुलाला सोबत नेता येत होतं), आणि मी उठता उठता म्हणाली, "मग ताई, मी तिकडं गेले की धाकटीला कोन बघनार?"

आईवडील दिवाळीनंतर उसात जाणार. आजी त्याच वर्षी वारलेली. गेल्या वर्षी आजी होती म्हणून धाकटी शाळेत राहिली. या वर्षी तिला एक तर उसात न्यायचं, नाहीतर 'उरकून टाकायचं', असं घरात चाललेलं. थोरली परत आली म्हटल्यावर आईने ते बोलणं थोडं थांबवलं होतं. आणि आम्ही नेमकी थोरलीच तीन महिन्यांसाठी घरातून उचलायला निघालो होतो.

मी फॉर्म पिशवीत ठेवला आणि परत आले. ऑफिसात दोन दिवस वाद झाला. आमच्या प्रकल्प-समन्वयकाचं म्हणणं असं की जागा रिकामी गेली तर पुढच्या वर्षी मशीन मिळणार नाहीत, आणि धाकटीचा प्रश्न 'या प्रकल्पाच्या कक्षेत' येत नाही. त्यांचं चुकत नव्हतं, कागद तसाच होता. पण मी गावात घरं मोजून आले होते : आधीच अकरा शिलाई मशीन. त्यातली सात वेगवेगळ्या योजनांतून आलेली, चारांवर गोधडी घातलेली. दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं झालं की ब्लाउज शिवून घ्यायला उरतं कोण? पिको-फॉलसाठी बायका तालुक्याला जातात. ती जागा शेवटी दुसऱ्या गावातल्या मुलीला दिली. ती आज इंटरलॉक मशीन टाकून बरं कमावते, म्हणजे वर्गात खोट नव्हती. आमची निवड चुकली होती.

मग थोरलीने गावात राहून काय करायचं? उत्तर शाळेतल्या शिपाई मामांनी दिलं. आईबाप उसात गेलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. मुलं रात्री नातेवाइकांकडे झोपतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. त्या वर्षी ४६ मुलं होती आणि स्वयंपाकाला दोन बायका हव्या होत्या, कारण आधीच्या दोघींपैकी एक स्वतःच उसात चालली होती. काम नेमकं त्या पाच महिन्यांचं, गावातलं, लेकरू जवळ ठेवून करण्याजोगं. धाकटी जेवायला तिथेच. रात्री भावकीतली एक म्हातारी या दोघींकडे झोपायला येणार असं ठरलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत थोडी कुरकुर झाली, 'नवऱ्यानं सोडलेली' वगैरे, पण मुख्याध्यापकांनी मान्यता दिली. मानधन महिना ४,५०० रुपये.

हे मानधन कधी महिन्याच्या महिन्याला आलं नाही. पहिल्या वर्षाचं सगळं मे महिन्यात आलं. तोवर किराणा दुकानाची वही. स्वयंपाकाच्या आधी आणि नंतर ती कापूस वेचायला जायची, वेचणी किलोवर असल्याने हात चालेल तितके पैसे.

दुसरा निर्णय : मुकादमाशी तडजोड

ही या प्रकरणातली आमची सगळ्यात मोठी चूक, आणि त्या दिवशी तो आम्हाला विजय वाटला होता.

बाकीबाबत दोन वाटा होत्या. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे; उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं त्यात बसतं का, यावर तहसीलदारांकडे तक्रार करता आली असती. बाप हात जोडून म्हणाला, तसं करू नका, पुढच्या वर्षी एकही मुकादम दारात उभा राहणार नाही. दुसरी वाट पंचांची. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरपंच, ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) अध्यक्षा, मुकादम आणि आम्ही पारावर बसलो. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही फक्त नवऱ्याची होती. ग्रामसंघाच्या अध्यक्षा, जेमतेम सातवी शिकलेल्या, म्हणाल्या, "कागदावर पोरीचं नाव कुठंय? उसात तिची मेहनत मोजली न्हाई, मग बाकीच तेवढी तिची कामून?"

मुकादम निरुत्तर झाला. बायकांचं नाव न लावण्याची जी रीत इतकी वर्षं त्यांना बुडवत आली, तिनेच एकदा थोरलीला वाचवलं. पण मुकादमालाही कारखान्याकडून घेतलेले पैसे भरायचे असतात, तो सगळे थोडेच सोडणार? शेवटी ठरलं : निम्मे त्याने नवऱ्याच्या घरच्यांकडून वसूल करायचे, निम्मे, म्हणजे २९,०००, थोरलीच्या बापाने पुढच्या हंगामांत फेडायचे. व्याज माफ. थोरलीवर काही नाही.

मी वहीत लिहिलं : 'लाभार्थी कर्जमुक्त.' कर्ज गेलं कुठे होतं? एका ओट्यावरून उचलून त्याच घरातल्या दुसऱ्या ओट्यावर ठेवलं होतं.

मधलं वर्ष

हे थोडक्यात सांगते. वेगळं रेशन कार्ड काढायला आठ महिने लागले, कारण सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला सासरचे देईनात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तहसीलच्या फेऱ्या जरा परवडायला लागल्या. कार्ड महत्त्वाचं होतं. आई बचत गटात आधीच सभासद, आणि गटात 'एका घरातून एकच' असा नियम. वेगळी चूल कागदावर दिसल्याशिवाय थोरलीला गट घेणार नव्हता. गटातल्या बायकांची भीतीही खोटी नव्हती : ही पोरगी उद्या नांदायला परत गेली तर कर्ज कुणी फेडायचं? सप्टेंबर २०२३ मध्ये तिला सभासद करून घेतलं, महिना २०० रुपये बचत. त्याच सुमारास संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मंजूर झालं, महिना १,५०० रुपये. पुढे २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा गावात सगळ्यांनी तिला अर्ज भरायला सांगितलं, पण निराधारचे दीड हजार मिळत असताना ते मिळत नाहीत.

शेळ्या त्याच्या आधी, जुलै २०२३ मध्ये, आईच्या नावावर गटाचं कर्ज काढून घेतल्या. दोन उस्मानाबादी, १६,००० रुपयांना. ही आपल्याकडचीच जात, पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते. एक शेळी ऑगस्टच्या झडीत मेली. हगवण लागली आणि दोन दिवसांत खलास. लस पावसाळ्याच्या आधी द्यायला हवी होती. पशुसखीचं (जनावरांची काळजी घ्यायला शिकलेल्या गावातल्या बाईचं) शिबिर जूनमध्ये होऊन गेलं होतं, आम्ही जुलैत शेळ्या आणल्या आणि बाजारातून आणलेल्या जनावराला लस झाली आहे का हे कुणी विचारलंच नाही. विमाही नव्हता. आठ हजार गेले. थोरली दोन दिवस कुणाशी बोलली नाही, मग म्हणाली, "उरलेली गाभन हाय." ती खरंच गाभण होती.

तिसरा निर्णय : फोन कुणाला करायचा

नोव्हेंबर २०२३. दिवाळी झाली होती, टोळ्या निघायच्या बेतात. सोमवारी दुपारी थोरलीचा फोन : "ताई, गुरुवारी धाकटीची हळद हाय."

धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची, नववीत. मुलगा बावीसचा, त्याच मुकादमाच्या टोळीत येऊ घातलेला नवा कोयता. आणि बोलणी कशी झाली? बापाच्या अंगावरचे २९,००० वर्षभरात एक रुपयाने फिटले नव्हते. त्याची स्वतःची उचलच जेमतेम वळती झाली होती. मुलाकडच्यांनी सांगितलं, लग्न करून द्या, ती बाकी आम्ही आमच्या उचलीत घेतो. हुंडा नाही, उलट कर्ज जाणार. बापाला हे देवाने धाडल्यासारखं वाटलं.

पारावर आम्ही बापाच्या ओट्यावर ठेवलेलं कर्ज तेरा महिन्यांनी धाकटीच्या नावावर निघालं होतं.

गावपातळीवर तेव्हा ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असत. मी त्यांना फोन केला. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, केला नाही. माझा हिशेब असा : पोलीस आले तर घर तुटेल, आमचं गावातलं येणंजाणं बंद होईल, ग्रामसेवक समजुतीने थांबवतील. ते "बघतो" म्हणाले. त्यांच्याकडे चार गावं होती आणि मंगळवारी ते दुसरीकडे सरकारी कामात अडकले. मी बुधवारी सकाळी जायचं ठरवलं.

मंगळवारी रात्री थोरलीने शेजारणीच्या फोनवरून स्वतःच १०९८ लावला. तो नंबर तिने शाळेच्या भिंतीवर वाचला होता, भाकरी थापताना रोज समोर दिसायचा. बुधवारी दुपारी चाइल्ड हेल्पलाइनचे कार्यकर्ते, पोलीस आणि ग्रामसेवक गावात आले. मांडव अजून घातला नव्हता. बालकल्याण समितीपुढे बापाने हमीपत्र दिलं : अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढचे दोन महिने थोरलीसाठी वाईट गेले. बापाने बोलणं टाकलं. मुलाकडचे येऊन दारात शिव्या देऊन गेले. गटाच्या बैठकीत तिच्या शेजारी कुणी बसेना. 'स्वतःचं मोडलं, आता बहिणीचं मोडलं,' हे वाक्य मी स्वतः ऐकलं. स्वयंपाकाच्या कामावरून तिला काढा अशीही मागणी झाली. मुख्याध्यापक बधले नाहीत.

चौथा निर्णय : बाकी फेडण्यासाठी कर्ज

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा त्याच २९,००० वर आलो. या वेळी मी ग्रामसंघापुढे विषय ठेवला : जोखीम प्रवणता निधीतून (अडचणीतल्या घरांसाठी ग्रामसंघाकडे असलेल्या पैशातून) थोरलीच्या नावावर कर्ज द्यावं आणि त्यातून मुकादमाची बाकी एकरकमी मिटवावी. ऑफिसात यालाही विरोध झाला. मुकादमाची बाकी फेडायला बायकांचा पैसा वापरायचा म्हणजे उचलीच्या धंद्याला मान्यताच दिली की! मुद्दा तत्त्वाने बरोबर होता. पण हमीपत्र कागदावर असतं आणि बाकी रोज दारात येते.

ग्रामसंघात तीन बैठका झाल्या. थोरली सभासद होऊन चारच महिने झाले होते, आईचं शेळ्यांचं कर्ज चालू होतं, आणि राग होता तो वेगळाच. तिसऱ्या बैठकीत एक वयस्कर सभासद उभी राहिली. गटात ती फारशी बोलत नसे. म्हणाली, "मी माझ्या लेकीचं चौदाव्या वर्षी केलं. तवा असं कुनी फोन करायला असतं तर बरं झालं असतं." आणि खाली बसली. कर्ज मंजूर झालं : शेकडा एक व्याज, चोवीस हप्ते, महिना साधारण १,४०० रुपये. हप्ता निराधारच्या अनुदानातून.

मार्च २०२४ मध्ये हंगाम संपवून टोळी परतली तेव्हा ग्रामसंघाच्या तिघी जणी आणि थोरली मुकादमाच्या घरी गेल्या, पैसे मोजून दिले आणि वहीच्या पानावर पावती लिहून घेतली. या वेळी पावतीवर तिचं नाव होतं. बापाने पुढच्या वर्षी मुकादम बदलला. त्याच जानेवारीत तोडणीचा दर करारानुसार टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला होता, त्यामुळे थोडा हात सैल झाला, आणि बाप-लेकीचं बोलणंही सुरू झालं. कशाने, ते दोघांपैकी कुणी सांगत नाही.

काय साधलं

मे २०२५ ला संपलेल्या बारा महिन्यांत थोरलीच्या हातात आलेले पैसे मी तिच्याबरोबर बसून मांडले. शेतमजुरी २१,०००. शेळ्या-बोकड विकून २७,४००. यातला मोठा भाग बकरी ईदच्या आधीच्या बाजारातला. स्वयंपाकाचं मानधन पाच महिन्यांचं २२,५०० व्हायला हवं, हातात आले १३,५००. निराधारचे बारा महिन्यांचे १८,००० व्हायला हवेत, आले १५,०००. एकूण ७६,९००. त्यातून १६,८०० हप्त्यात. उरले साधारण महिना पाच हजार, ज्यात ती आणि मुलगी जगतात. दावणीला पाच शेळ्या आहेत. मुलगी अंगणवाडीतून पहिलीच्या उंबऱ्यावर.

याला स्वावलंबन म्हणायचं का? देणगीदारांच्या फॉर्ममध्ये उत्पन्नाची रेषा ठरलेली होती आणि ती त्याखाली येते, म्हणून आमच्या अहवालात हे प्रकरण 'अंशतः यशस्वी' आहे. शिवणवर्गातली मुलगी 'यशस्वी' आहे. थोरलीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. चार हंगाम उसात राबून स्वतःच्या खात्यात तिने कधी शंभर रुपये पाहिले नव्हते.

धाकटी २०२५ मध्ये दहावी पास झाली. अहवालात यासाठी जागा नाही.

पुन्हा करायचं झालं तर

घरी गेल्यावर पहिला प्रश्न मी आता 'काय येतं?' असा विचारत नाही. दसऱ्यानंतर घरी कोण राहणार, कोण जाणार, मागे राहणाऱ्याला कोण बघणार, हे आधी लिहून घेते. एका पानाचा तक्ता केला आहे, महिन्यांप्रमाणे. पुढच्या सात घरांत तो वापरला; दोन ठिकाणी प्रशिक्षणाची तारीख बदलून एप्रिलनंतर घेतली, कारण तेव्हा मोठी माणसं गावात असतात.

कर्ज कुणाच्या नावावर आहे यापेक्षा ते कुठल्या घरात आहे हे पाहायला हवं होतं. २०२२ च्या त्या बैठकीत आम्ही २९,००० चं काय होणार, ते कशातून फिटणार, हा प्रश्न मांडला असता तर ग्रामसंघाचं कर्ज दीड वर्ष आधी उभं राहिलं असतं. तेव्हा थोरली सभासद नव्हती हे खरं, पण आई होती.

तहसीलदारांकडे तक्रार करायला हवी होती का? यावर आमच्यात आजही एकमत नाही. माझं मत असं की एका घराने एकट्याने ती करू नये; पाच-दहा घरांची मिळून असली तरच मुकादमांची टोळी त्यांना वाळीत टाकू शकत नाही. अशी पाच घरं आम्हाला अजून जमवता आलेली नाहीत.

१०९८ बद्दल मात्र दुमत नाही. सोमवारी दुपारी मी तो फोन करायला हवा होता. गावातलं आमचं येणंजाणं टिकवण्याची किंमत धाकटीने मोजली असती, आणि शेवटी गावाचा राग झेलला तो वीस-एकवीस वर्षांच्या पोरीने. आता आमचा नियम आहे : कळल्यापासून तासाभरात फोन, आणि तो कार्यकर्त्याने आपल्या नावाने करायचा. घरातल्या मुलीवर तो भार टाकायचा नाही.

शेळ्यांच्या बाबतीत साधं आहे. लस टोचून झाल्यावरच जनावर दावणीला, आणि विमा कर्जाच्या रकमेतच धरायचा.

धाकटीने तालुक्याच्या कॉलेजात अकरावीसाठी अर्ज भरला आहे. प्रवेश मिळाला तर ती वसतिगृहात राहील, म्हणजे या हिवाळ्यात घरी थोरली आणि सहा वर्षांची होत आलेली मुलगी, दोघीच. म्हातारी आता रात्री झोपायला येण्याच्या अवस्थेत नाही. मी तक्ता काढला तेव्हा नोव्हेंबर ते मार्चचे रकाने कोरे राहिले. थोरली म्हणते, वसतिगृहातल्या स्वयंपाकाची दुसरी बाई, तीही एकटीच असते, तिला पाच महिने आपल्याकडेच राहायला बोलवू. तिच्याशी बोलणं व्हायचं आहे. गेल्या हंगामाचं दोन महिन्यांचं मानधन दोघींचंही अजून यायचं आहे.